खालच्या माणसाची हाक

११ जानेवारी

भावजयबाई,

नमस्कार-बिमस्कार राहू दे. आधी सांग, वेळेवर जेवतेस का? गोळ्या घेतेस का? त्या रक्ताच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून तू त्या उशीखाली ढकलत होतीस, मी पाहिलंय. मी तिथून निघाले म्हणून सुटलीस असं समजू नकोस.

मी नीट पोचले आणि आल्या आल्या कामावर गेले. महिनाभर मी नव्हते तर ह्या बायांनी हॉस्पिटलच्या धुलाईखान्याची पार वाट लावून ठेवली आहे. मोठ्या मशीनचं दार लागत नाही, खालून पाणी गळतं, आणि विचारलं तर सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या चादरींचा ढीग पडला होता. एरवी मी त्या चादरींकडे बघतसुद्धा नाही, उचलायची आणि आत टाकायची. ह्या वेळी एक उचलली आणि तू आठवलीस. तुझ्या अंगाखालून काढलेल्या चादरीही कुठल्या तरी बाईने अशाच धुतल्या असतील. तिचं भलं होवो.

डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते तू ग्लानीत अर्धंच ऐकलंस म्हणून परत लिहिते. ती म्हणाली, आता चौथं नको, चौथ्याला बाईच्या जिवाची खात्री नाही. आईने लगेच ठरवून टाकलं की अंगात रक्त भरलं की तुझं ऑपरेशन करून टाकायचं. नवरा म्हणून धाकट्याने नुसती मान हलवली. तुला कुणी विचारलं का? मी विचारते. तुला काय हवंय?

निघताना तुला एक सांगायचं होतं. थोरली झाली तेव्हापासून सांगायचंय. पण मी तोंड उघडलं की शिवीच बाहेर येते, म्हणून ते राहूनच गेलं. कधी कागदावर जमलं तर बघू.

माझं अक्षर लागलं नाही तर थोरलीकडून वाचून घेऊ नकोस. पोरीला नको ते कळायचं.

तुझी नणंद

२ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते हातात घेऊन आधी नुसतीच बसले. महिनाभर तुम्ही माझी वेणी घातलीत, बाळाला न्हाऊ घातलंत, माझ्यासाठी सासूबाईंशी भांडलात. आभार कसे मानायचे ते मलाही येत नाही. म्हणजे आपण दोघी सारख्याच. गोळ्या घेते. बाळाशप्पथ.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, दुसऱ्या कुणी विचारलंच नाही. ताई, मला परत त्या टेबलावर जायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात की रक्त भरलं की माझं ऑपरेशन होईल, घाबरण्यासारखं काही नाही. नसेलही. पण माझी शिवण अजून शिंकले तरी ओढते. पाळणा लांबवायच्या गोळ्या मला सोसत नाहीत, ती तांबी बसवली होती तेव्हा काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्यासमोर हेही सांगितलं होतं की पुरुषाचं काम फार सोपं असतं, त्याच दिवशी घरी येता येतं. ते ऐकलं आणि हे "पाणी घेऊन येतो" म्हणून बाहेर गेले. माझ्या उशाशी पाण्याची बाटली भरलेली होती.

सासूबाईंनी मार्चअखेरीची तारीख घेऊन ठेवली आहे.

आता जे लिहिते ते वाचून फाडून टाका. मी तिन्ही पोरांना आमच्या मधे झोपवते. हे समजतात की मी रागावले आहे. राग नाही हो ताई. ह्यांचा हात झोपेत लागला तरी मला चौथं दिसतं. आणि खरं सांगू? मला हे हवे असतात. संध्याकाळी कामावरून येतात, मान घामाने भिजलेली, खांद्यावर दोरीचा वळ. वाटतं, उठून त्या वळावर हात ठेवावा. मग मी उठते आणि भांडी घासायला बसते. घासलेली भांडी परत घासते. बाईने असलं काही लिहावं का?

ह्यांना यातलं अक्षरही कळवू नका.

तुमची वहिनी

१० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या बायकोने मला काहीही लिहिलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई तुला समजावून सांगत होती तेव्हा मी दाराबाहेर बाकावर बसले होते. भिंती पातळ आहेत तिथल्या. तू पाणी आणायला म्हणून बाहेर आलास, माझ्या शेजारी बसलास आणि छताकडे बघत राहिलास. नळ समोरच होता, धाकट्या. तू उठलासुद्धा नाहीस. तेव्हा मी बोलले नाही कारण आत तुझी बायको रडवेली झाली होती. आता बोलते.

इथल्या सिस्टरला मी सगळं विचारून घेतलं. छोटंसं काम आहे, तेवढीच जागा बधिर करतात, आठवडाभर जड उचलायचं नाही, झालं. जोर जात नाही. आवाज बारीक होत नाही. मिशी गळत नाही. मिशीचं मीच विचारलं, तुझी काळजी म्हणून. अख्खा वॉर्ड हसला.

आता माझं ऐक. मला मूल होत नाही म्हणून माझ्या नवऱ्याने मला वर्षानुवर्षं डॉक्टरांकडे फिरवलं. टोचून टोचून माझी चाळण केली. प्रत्येक डॉक्टर सांगायचा, नवऱ्यालाही पाठवा, साधी तपासणी आहे, एका बाटलीचं काम. हा म्हणायचा, पुरुषाला कसली तपासणी? मग मला घालवून दुसरी आणली. तिलाही मूल नाही. आता ती सुया टोचून घेते आहे. त्याच्या अंगाला अजून कुणी बोट लावलेलं नाही.

मला घेऊन जायला तू आला होतास. तेव्हा तुला मिसरूड फुटत होतं. त्याच्या दारात उभा राहून ओरडलास, "माझ्या बहिणीला एकटीलाच का टोचता?" सगळी गल्ली गोळा झाली. तो तूच होतास ना? मग आता कुठे गेलास?

ताई

२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र जिन्यात उभं राहून वाचलं. घरात वाचायची हिंमत झाली नाही. तुझं लिहिणंसुद्धा ओरडल्यासारखं ऐकू येतं.

सध्या मरणाचं काम आहे. हे दिवस घरं बदलायचे, रोज कुणाचं ना कुणाचं बिऱ्हाड हलवतोय. काल चौथ्या मजल्यावरून लोखंडी कपाट उतरवलं. जिना एवढा अरुंद की माणूस आडवा होऊन जाईल. तू एकदा विचारलं होतंस ना, जिन्यावर तुम्ही काय ओरडता? ऐक. वरचा माणूस नुसता धरतो, सगळा भार खालच्यावर. म्हणून आमच्यात नियमच आहे. खालच्याने "बदली" म्हटलं की वाद घालायचा नाही. पुढच्या वळणावर टेकवायचं आणि जागा बदलायच्या. वर मुकादम असला तरी त्याने खाली जायचं. वरून "चल चल, थोडंच राहिलंय" तर कुणी म्हणायचंच नाही, कारण वरच्याला काय कळतंय? काल बारक्या खाली होता. बारक्या म्हणजे तो, जो कपाटाशेजारी उभा राहिला की कपाट लहान दिसतं. त्यानेही वळणावर "बदली" म्हटलं. मी गेलो खाली.

आता तूच सांग, असल्या कामात जोर गेला तर घर कोण चालवणार? तुझी सिस्टर म्हणते जात नाही, पण बारक्या सांगतो, एकाने हे करून घेतलं तो वर्षात काठी धरून चालायला लागला. बारक्याने स्वतः पाहिलेला नाही, त्याच्या साडूने पाहिलाय.

आणि ताई, ही माझ्याशी नीट बोलत नाही. मधे पोरांची भिंत घालते. मी जवळ गेलो की उठून भांडी घासते. माझा कंटाळा आला असेल तिला. हे तिला लिहू नकोस हां.

तुझा धाकट्या

६ मार्च

भावजयबाई,

तुम्ही दोघं मला वेड लावणार. तू लिहितेस ह्यांना कळवू नका. तो लिहितो तिला लिहू नकोस. एका खोलीत राहता, एका उशीवर डोकी ठेवत होतात, आणि आता तुमच्या मनातलं एवढ्या लांब माझ्याकडे येऊन परत तिथे जायचं का? मी काय टपालपेटी आहे?

म्हणून सांगून टाकते. त्याला वाटतंय तुला त्याचा कंटाळा आलाय. त्याला वाटतंय तुला भांडी जास्त आवडतात. झालं, सांगितलं. तो माझ्यावर चिडेल. चिडू दे, तो लंगोटात असल्यापासून मी त्याचा राग बघत आले आहे.

तू विचारलंस, बाईने असलं लिहावं का. का नाही लिहावं? नवरा हवासा वाटला, त्यात तू कुणाच्या घरात शिरून चोरी केलीस? मी एकटी राहते म्हणून मला कळत नाही असं नाही. मलाही अंग आहे. पण मला लिहून काय उपयोग? दोरीचा वळ माझ्या खांद्यावर नाही. ज्याच्या खांद्यावर आहे त्याला सांग. आणि भाषण देऊ नकोस. लहानपणापासून त्याला लांबलचक बोलणं सोसत नाही, मधेच झोपतो.

त्या तारखेला जायचं नसेल तर जाऊ नकोस. धोका असो नाहीतर नसो, अंग तुझं आहे, नको म्हणजे नको. आई चार दिवस बोलणार नाही. तेवढीच घरात शांतता.

तुझं पत्र फाडलं. मशीनच्या पाण्यात टाकलं, लगदा झाला.

तुझी नणंद

३१ मार्च

ताई,

काय झालं ते तुम्हाला नीट सांगायलाच हवं. तुमच्यामुळे झालं.

तारखेच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पिशवी भरली. धाकटं त्यांच्या कडेवर, मोठी दोघं शेजारच्या काकूंकडे. खाली गाडी येऊन उभी राहिली. हे पिशवी घेऊन पुढे उतरायला लागले, मी मागे. सासूबाई वर दारात. मला वाटलं होतं की पायऱ्यांवर तरी बोलू, पण शब्दच येईना. तुम्ही लिहिलं होतंत भाषण देऊ नकोस, मला तर भाषणातलं पहिलं वाक्यही येईना.

वळणावर पोचलो आणि माझ्या तोंडून ह्यांच्याच कामावरचा शब्द निघाला, "बदली."

हे हसले. म्हणाले, "अगं, पिशवी माझ्याच हातात आहे."

मी म्हटलं, "पिशवीची नाही. तीन वेळा मी खाली होते. आता बदली."

ताई, हे हसायचे थांबले. वरून सासूबाई ओरडल्या, "थांबलात काय, चला चला! एवढंसं तर काम आहे!" हे मान वर करून म्हणाले, "आई, वरून बोलायचं नाही. वरच्याला कळत नाही." सासूबाईंना काही समजलं नाही. त्या बाळाकडे बघून म्हणाल्या, "तुझा बाप बिघडला."

मग हे तिथेच पायरीवर बसले, मीही बसले. खाली गाडीवाला भोंगा वाजवत होता. मी सगळं सांगितलं. टेबलाचं, शिवणीचं, चौथ्याच्या भीतीचं. आणि ते दुसरंही सांगितलं, वळाचं. ह्यांचे कान लाल झाले. म्हणाले, "मग ती भांडी?" मी म्हटलं, "ती स्वच्छच होती हो."

त्याच गाडीने आम्ही हॉस्पिटलात गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, पेशंट कोण? हे म्हणाले, मी. इतकं हळू की त्याने परत विचारलं. मग हे जोरात म्हणाले तर रांग मागे वळून बघायला लागली. ह्यांना पुढची तारीख मिळाली आहे. मी माझी रद्द केली.

हे घाबरलेत. रोज विचारतात, ताईने सिस्टरला नक्की विचारलं होतं ना? मी सांगते, मिशीचंसुद्धा विचारलं होतं.

तुमची वहिनी

१९ मे

ताई,

झालं. डॉक्टरने "झालं" म्हटलं तेव्हा मी विचारलं, "सुरू कधी करणार?"

पण पुढचं ऐक, माझ्यासारखा गाढव शोधून सापडणार नाही. आठवडाभर उचलायचं नव्हतं, तर कामावर काहीतरी सांगायला हवं. मी सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन झालं. सगळ्यांसमोर खरं बोलायची लाज वाटली. घरी येऊन हिला सांगितलं तर हिने कपाळावर हात मारला. अगं, आमच्या धंद्यात हर्निया म्हणजे माणूस संपला! मी परत गेलो तर मुकादम मला दोरीला हात लावू देईना. मला आरशांना कागद गुंडाळायला बसवलं. बारक्या माझ्या हातातला डबा काढून घ्यायचा, म्हणायचा, "राहू दे रे, ताण पडेल." म्हातारा केला मला. परवा मुकादम म्हणाला, तुझ्या जागी कायमचा दुसरा माणूस बघतो, तू बसून करायचं काही शोध.

तेव्हा आम्ही एका घरचं कपाट तिसऱ्या मजल्यावरून उतरवत होतो. मी म्हटलं, "मुकादम, हर्निया नाही. मी नसबंदी करून घेतली." जिन्याच्या तोंडाशी कपाट, चौघे जण, वर त्या घरची बाई दारात उभी.  मग एकेक सुरू झाला. "आता वहिनी उचलणार का कपाट?" "अरे, आवाज बघू, आवाज बघू!" "खरंच केलीस, का बायकोने बांधून नेला?" मी म्हटलं, "सरका," आणि खाली गेलो. तीन मजले मी खालीच होतो. एकदाही बदली म्हटलं नाही. खरं तर दुसऱ्या मजल्याला म्हणायला हवं होतं, हात गळून आले होते, पण त्या दिवशी कसं म्हणणार? त्या घरची बाई मात्र वरून म्हणाली, "चहा आधी ह्यांना द्या."

परत येताना गाडीत बारक्या माझ्याशेजारी बसला.  मग हळूच म्हणाला, "दुखतं का रे?" मी म्हटलं, तुझ्या साडूला विचार. तो म्हणाला, "साडूनेपण नाही पाहिला. त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं." मग त्याच्या बायकोचं सांगायला लागला. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी त्याला घेऊन जाणार आहे.

आई बरेच दिवस बोलत नव्हती. मग एक दिवस मी बाकड्यावर अंग चोरून बसलो होतो तर येऊन माझ्याखाली उशी सरकवली आणि म्हणाली, "तुझ्या बापाला एवढी अक्कल असती तर सातवा तू झालाच नसतास, मेल्या." आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी डोळे पुसायला लागली. मग म्हणाली, "मला कुणी जिन्यात थांबून विचारलं नाही रे."

ताई, तू ते पत्र लिहिलं नसतंस तर मी अजून छताकडेच बघत बसलो असतो.

तुझा धाकट्या

३ ऑगस्ट

ताई,

ह्यांची तपासणी झाली. तोवर सांभाळून राहायला सांगितलं होतं, आम्ही राहिलो. आता सगळं ठीक आहे, भीती नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

जास्त लिहीत नाही, तुम्ही समजून घ्याल. पोरं आता सासूबाईंकडे पलीकडच्या खोलीत झोपतात. सासूबाईंनीच गाद्या उचलून नेल्या. भांडी एकदाच घासते.

बारक्याभाऊजी जाऊन आले. त्यांची बायको मला भेटायला आली होती. आम्ही दोघी दारात उभ्या राहून नुसत्या हसत होतो.

तुमचे आभार मानायचे तर कागद पुरायचा नाही. म्हणून एवढंच लिहिते की मी बरी आहे. खूप दिवसांनी नीट बरी आहे. तुम्ही या.

तुमची वहिनी

२० ऑगस्ट

भावजयबाई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी इस्त्रीवर होते. वाचता वाचता सर्जनसाहेबांचा कोट करपला. करपू दे.

आधी धाकट्याचं. तो आता फार छाती काढून फिरत असेल, त्याला हे वाचून दाखव. सगळे त्याला विचारतात, दुखतं का? दोन टाक्यांचं एवढं कौतुक! तू तीनदा फाटलीस, शिवली गेलीस, तेव्हा गाडीत तुझ्याशेजारी बसून कुणी विचारलं, दुखतं का म्हणून? तू चहा आधी प्यायलीस का कधी? म्हणून मी त्याला डोक्यावर घेणार नाही. त्याने त्याच्या वाटणीचं केलं.

तरीपण मी त्याचे आभार मानते. मनाविरुद्ध मानते, पण खरे मानते. माझ्या वाट्याला आलेला माणूस एक बाटली घेऊन खोलीत जायला तयार नव्हता, आणि हा माझ्या आईच्या पोटचा, भर जिन्यात चौघांसमोर बोलला. ते वाचलं त्या दिवशी मी धुलाईखान्यात सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ आहे तो. एकीने विचारलं, काय केलं त्याने? मी म्हटलं, खाली गेला. तिला कळलं नाही. मग मशीन बंद करून सगळ्या जणींना बसवून सांगितलं. आता दोघी आपापल्या नवऱ्यांना घेऊन सिस्टरकडे जाऊन आल्या आहेत. एक नवरा दारातून पळाला. त्याला परत आणू.

आता तुझं. जे सांगायचं राहिलंय ते.

थोरली झाली तेव्हा मी नवऱ्याने घालवलेली, तुमच्या घरी वर्षानुवर्षं पडून असलेली. कुणाच्या समोर जायला मला नको वाटायचं. आई आणि बाकीच्या बायका म्हणाल्या, जिची कूस उघडली नाही तिच्या हातात पोर पहिल्यांदा देऊ नका.  आज माझं तोंड एवढं मोठं, पण तेव्हा एक शब्द फुटला नाही. दारातच उभी राहिले. तुझ्यात उठून बसायचीही ताकद नव्हती. नवी सून, सासूसमोर मान वर न करणारी. आणि तू म्हणालीस, "बाळ आत्याकडे द्या. आधी आत्याकडे."

पोरीचं डोकं माझ्या तळहातात मावलं. तिने जांभई दिली. एवढंच. पण त्या दिवसापासून मी परत माणसांत आले, भावजयबाई. ही नोकरी धरली, ही खोली घेतली, भांडायला शिकले, ते सगळं त्याच्यानंतरचं. तू मला त्या दारातून आत बोलावलंस. मी कुठलंही पत्र लिहिलं ते त्याच्या पुढे काहीच नाही.

हे लिहून झालं. एकही शिवी आली नाही, बघ.

पुढच्या महिन्यात रजा टाकली आहे, येते. बाळ मला आल्या आल्या द्यायचं, मग ते जागं असो की झोपलेलं. आणि अंथरुणाचं आत्ताच सांगून ठेवते. पोरांची जागा रिकामी झाली म्हणून मला तुमच्या मधे घालू नका. मी पलीकडच्या खोलीत पोरांजवळ झोपेन. आई घोरते, पण चालेल.

तुझी नणंद